छत्तीस भोकांची पेटी

माझी पेटी गळत नाही. जळगावातल्या माझ्या दुकानाच्या पाटीवर नावाखाली हेच वाक्य रंगवलेलं होतं, आणि चौतीस वर्षांत ते पुसायची पाळी माझ्यावर आली नाही. माशांच्या काचेच्या पेट्या करणं हा माझा धंदा. आता दुकान बंद केलंय, डोळेही पूर्वीसारखे राहिले नाहीत, पण हा एक तोरा अजून उतरलेला नाही. तो उतरवायला एकच गिऱ्हाईक आलं होतं, आणि त्याला मासे नकोच होते.

आधी धंदा सांगतो, म्हणजे माझा गोंधळ तुम्हाला कळेल. पाच एमएमची काच टेबलावर पसरायची, हिऱ्याने एकच सरळ रेघ ओढायची, रेघ टेबलाच्या कडेवर आणून हलका दाब द्यायचा. काच रेघेवरच तुटली पाहिजे. मग कडा घासायच्या, नाहीतर गिऱ्हाइकाची बोटं कापतात. मग सांध्यात सिलिकॉन भरायचं. त्याला असा आंबट वास येतो की माझ्या शर्टांना लोणच्याचा वास येतो अशी बायकोची जन्मभर तक्रार. शेवटी पेटी पाण्याने काठोकाठ भरून खाली वर्तमानपत्र पसरायचं आणि दोन दिवस थांबायचं. कागदावर एक ओला ठिपका दिसला तरी सांधा पुन्हा उघडायचा. म्हणजे बघा, माझं सगळं आयुष्य भोकं शोधून बुजवण्यात गेलं.

एकदा वरणगावहून फोन आला की भाऊ, तुमची पेटी गळते, रोज सकाळी फरशी ओली असते. मला झोप लागेना. बस पकडून गेलो. पेटी बोटांनी चाचपली, कोरडी ठणठणीत. म्हटलं, मी इथून हलणार नाही. खुर्ची टाकून बसलो. दीड तासाने त्यांचं मांजर आलं, कपाटावर चढलं आणि पंजाने पाणी उपसून मासा पकडायला लागलं. घरातले खो खो हसले, चहा झाला. मी मात्र 'पेटी गळत नाही' हे त्यांच्याकडून तीनदा वदवून घेतलं तेव्हाच उठलो. असा मी माणूस.

धुळ्याच्या एका खानावळवाल्याने गल्ल्याशेजारी मोठी पेटी बसवून घेतली होती. जेवायला येणारे लोक हात धुऊन जाता जाता माशांना शेव टाकायचे. मासे मेले की मालक म्हणायचा, पाणी बाधलं, नवे द्या. मी द्यायचो. खोटं कशाला बोलू, मी कधी त्याला हात जोडून सांगितलं नाही की बाबा, शेव बंद कर. आणि त्या गोल काचेच्या बरण्या! एक मासा, एक बरणी, वाढदिवसाची भेट. त्यात मासा महिनाभरही नीट जगत नाही हे मला ठाऊक होतं आणि मी शेकड्याने विकल्या. पेटी गळत नाही एवढंच मी बघायचो. आतल्याचं काय होतं ते बघणं मला माझं काम वाटलंच नाही.

तर, दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. दुपारी दुकानात हस्तीमलशेठ आले. दाणा बाजारात त्यांची डाळींची पेढी. सत्तरीला आलेले, पांढरा सदरा, पांढरं धोतर, बोलणं हळू. ओळख होती, पण दुकानात कधी पाऊल ठेवलं नव्हतं. का ठेवतील? जैन माणूस, पाणीसुद्धा गाळून पिणारा. आणि माझ्या दुकानात बाहेरच्या मडक्यात गांडुळं, आतल्या टोपात रातकिडे.

"जय जिनेंद्र, भाऊ. एक पेटी पाहिजे."

"बसा शेठजी. किती मासे?"

"मासे नाही. एक जीव आहे," असं म्हणून त्यांनी कापडी पिशवीतून लोणच्याची प्लास्टिकची बरणी काढली आणि काउंटरवर ठेवली. झाकणाला खिळ्याने भोकं पाडलेली. मी वाकून पाहिलं आणि मागच्या फळीवर आदळलो. माशांच्या खाण्याचे चार डबे खाली आले.

"अरे बाप रे! शेठजी, हे काय घेऊन फिरताय?"

आत कोळी होता. आपला भिंतीवरचा कोळी नव्हे हो. पाय पसरले तर माझा तळहात भरेल एवढा, काळा, अंगभर मखमलीसारखी लव. आणि आठही पायांची टोकं गुलाबी, नवरीच्या पायांना आळता लावतात ना, तशी. भीतीही वाटत होती आणि नजरही हटत नव्हती.

"टॅरांटुला म्हणतात," शेठजी म्हणाले. "आपल्याकडचा नाही, लांबच्या देशातला. झाडावर राहतो. पारसचा आहे. त्याचे सगळे कागद आहेत." आणि खरंच त्यांनी प्लास्टिकच्या पाकिटातून कागदांची घडी काढून दाखवली. मला त्यातलं काय कळतंय! मी आपली मान डोलावली.

पारस म्हणजे त्यांचा एकुलता मुलगा. शेठाणी पाच वर्षांपूर्वी गेल्या, घरात हे दोघंच. पारस पुण्याला शिकला, येताना हा कोळी घेऊन आला आणि आपल्या खोलीत ठेवला. शेठजींना वाटलं, काहीतरी शोभेचं असेल. दिवाळीच्या साफसफाईत त्यांनी पाहिलं की पोरगा कोळ्याला जिवंत रातकिडा घालतोय. झालं! "माझ्या घरात एका जिवासाठी दुसरा जीव मारायचा नाही," शेठजी म्हणाले. पारस म्हणाला, तो गवत खात नाही. शेठजी म्हणाले, मग बाहेर सोडून ये. पारस म्हणाला, इथल्या हवेत सोडला तर दोन दिवसांत मरेल, ते पाप चालेल का? शब्दाने शब्द वाढला. शेवटी पोरगा म्हणाला, "पाप-पुण्य तुम्हाला कळतं ना? मग तुम्हीच ठरवा त्याचं काय करायचं." बॅग भरली आणि धुळ्याला मित्राकडे निघून गेला. तिथेच नोकरी धरली. फोन नाही, काही नाही.

"सोडला तर मी मारला. ठेवला तर खायला घालावं लागेल, म्हणजे पुन्हा मीच मारला," शेठजी म्हणाले. "आणि त्याची पेटी सरकवताना माझ्या हातून पडून फुटली, भाऊ. आता पारस आला आणि हा मेलेला दिसला, तर तो पुन्हा कधी माझ्या दारात उभा राहणार नाही."

मी चहा मागवला. दुसरं काय करणार? मला काहीच कळेना. एवढा मोठा व्यापारी, आणि बरणीतल्या कोळ्यापुढे हात टेकून बसलेला.

"याला किती जागा लागते?" त्यांनी विचारलं.

चौतीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. लोक विचारायचे, माझ्या टेबलावर किती मोठी मावेल. मी गडबडलो आणि गडबडलेला माणूस जे करतो तेच केलं, म्हणजे सगळं माहीत असल्यासारखं बोललो. "निर्धास्त राहा, शेठजी. एक नंबर पेटी देतो."

एक नंबर पेटी दिली हो! दीड फूट लांब, फूटभर रुंद, नऊ इंच उंच. वरून काचेचं झाकण. आणि काय सांगू, दोन दिवस पाणी भरून ठेवलं. कोळ्याच्या पेटीत! सवयच ती. कागदावर ठिपका नाही. मग पुसून, वाळवून, तळाशी वाळू घालून, वर रंगीत गोटे टाकून शेठजींच्या घरी पोचवली. एक प्लास्टिकचा किल्लाही ठेवला होता, माशांना ठेवतो तसा. पारसच्या खोलीत कोळी आत सोडला आणि दोघं खूश होऊन बाहेर आलो.

चौथ्या दिवशी फोन. "भाऊ, ते वरच्या कोपऱ्यात चिकटून बसलंय. खाली उतरत नाही. काचा आतून ओल्या झाल्यात."

गेलो. झाकण उचललं तर आतून भपकन सिलिकॉनचा आंबट वास आला. कोळी कोपऱ्यात अंग चोरून बसलेला. मी पेटी एवढी पक्की केली होती की हवेला यायला आणि जायला वाटच नव्हती. मी म्हणालो, "शेठजी, पोराने काही लिहून ठेवलंय का? त्याची पेटी कशी होती?"

"मी ती नीट पाहिलीच नाही. लिहिलेलं टेबलाच्या खणात असेल. मी त्याचा खण उघडत नाही."

"आता उघडा."

त्यांनी धोतराला हात पुसले. मग खण उघडला. आत एक वही होती, तारखा आणि चित्रं. एका पानावर पेटीचं चित्र होतं, आणि ती पेटी म्हणजे माझीच पेटी आडवीची उभी केल्यासारखी होती. उंच आणि अरुंद. दार पुढून, झाकण नाहीच. डाव्या बाजूला खालच्या अंगाला भोकं, उजव्या बाजूला वरच्या अंगाला भोकं. शेजारी पारसच्या अक्षरात लिहिलं होतं: 'झाडावर राहते, म्हणून उंची हवी. जाळं वर विणते, म्हणून वरून उघडायचं नाही, घर फाटतं. हवा खालून येऊन वरून गेली पाहिजे.'

शेवटचं वाक्य वाचलं आणि डोक्यात प्रकाश पडला. आमच्या गावच्या मातीच्या धाब्याच्या घरात चुलीच्या वर छताला भोक असायचं आणि खाली दार उघडं. धूर वर निघून जायचा, मे महिन्यातही आत बसवायचं. हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरी मी त्या जिवाला डब्यात कोंडलं होतं.

घरी येऊन कामाला बसलो. काचेला इतकी भोकं पाडणं जिकिरीचं, म्हणून दोन्ही बाजूंना ॲक्रिलिकची शीट घेतली. ड्रिल हातात घेतलं आणि, तुम्ही हसाल, हात चालेना. समोर चांगली गुळगुळीत, न गळणारी शीट, आणि तिला मी भोक पाडायचं? बायको शिंदखेड्याकडची, चिडली की अहिराणीवर येते. दारात उभी राहून म्हणाली, "बठ्ठा जनम भोकं बुजाडामां गया, आते पाडाले बसनात? तुम्हनं डोकं ठिकाणवर शे का?"

"नाही," मी म्हणालो. खरंच नव्हतं.

डावीकडे खाली अठरा आणि उजवीकडे वर अठरा. रातकिडा निसटू नये एवढी बारीक. तळाशी नर्सरीतून आणलेला नारळाचा भुसा चार बोटं. आंब्याच्या वठलेल्या झाडाची जाड साल उकळून, उन्हात वाळवून तिरपी उभी केली, म्हणजे तिच्यामागे लपायला जागा झाली. कडुनिंबाची घेणार होतो, औषधी म्हणून. वहीत लिहिलं होतं, कडुनिंब नको, त्याने किडे मरतात आणि हिलाही बाधेल. नशीब, वही वाचत होतो. पाण्याला एक छोटी वाटी. आणि या वेळी वास पूर्ण जाईपर्यंत आठ दिवस पेटी गच्चीवर उघडी ठेवली. तोवर कोळी पुन्हा बरणीत. शेठजी रोज फोन करायचे, "वास गेला का, भाऊ?"

कोळ्याला नव्या पेटीत घालायचा दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. वहीत लिहिल्याप्रमाणे एका हातात भांडं, दुसऱ्या हातात मऊ कुंचला. मागून हळूच कुंचला लावायचा म्हणजे तो पुढे चालतो. मी लावला. तो चालला नाही, त्याने उडी मारली. वहीत तेही लिहिलं होतं म्हणे, पुढच्या पानावर. आणि उडी मारून बसला कुठे? शेठजींच्या पांढऱ्या सदऱ्यावर, बरोब्बर छातीवर.

"शेठजी, हलू नका!"

"मी नाही हलत. तुम्ही थरथरताय." शेठजी डोळे मिटून नवकार मंत्र म्हणत उभे. कोळी एक एक पाय उचलत त्यांच्या खांद्यापर्यंत गेला, थांबला. मी पेटी त्यांच्या खांद्याला टेकवली. तो सालीवर पाय ठेवून आपणहून आत गेला, तशी मी दार लावलं आणि फरशीवरच बसलो. शेठजींनी डोळे उघडले. "हलका असतो हो," एवढंच म्हणाले.

आता प्रश्न खाण्याचा. मोठ्या आरोवाना माशांसाठी मी रातकिडे पाळायचोच. ठरलं असं की बुधवारी आणि रविवारी मी काडेपेटीत एक रातकिडा घेऊन जायचं. मी दार उघडायचो, रातकिडा सोडायचो. शेठजी खोलीतच थांबायचे, पण तोंड भिंतीकडे करून. मी "झालं" म्हटलं की वळायचे. मला वाटायचं, हे काय नाटक? नको बघवत तर बाहेर जावं. आणि मी? मी रोज माशांना गांडुळं घालत होतो, कधी तोंड फिरवलं नाही. कोण बरोबर, मला ठरवता येईना. आपण आपलं काडेपेटी घेऊन जावं.

महिन्याभरात सालीमागे पांढरी, दाट जाळ्याची नळी तयार झाली. कोळी म्हणजे मादी होती, वहीतच लिहिलं होतं. ती त्या नळीच्या तोंडाशी गुलाबी टोकं बाहेर काढून बसायची. शेठजी पेढीवरून आले की आधी तिथे खुर्ची टाकून बसायचे. तिचं नाव काय ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. 'तो जीव' म्हणायचे.

चैत्रात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी तीन आठवडे घराबाहेर पडायचं नाही म्हणून बजावलं. मी शेठजींना फोन केला, "आता खायला कोण घालेल?" ते म्हणाले, "बघू." ते स्वतः दुकानात येऊन बायकोकडून रातकिड्यांची डबी कापडी पिशवीत घालून घेऊन गेले. मला वाटलं, पेढीवरच्या एखाद्या गड्याला काम लावलं असेल.

डोळा बरा झाला तसा काडेपेटी घेऊन गेलो. कोळीण चांगली गुबगुबीत दिसत होती. शेठजी दारातच म्हणाले, "भाऊ, आता तुम्ही त्रास घेऊ नका. खाण्याची व्यवस्था झाली आहे. पेटीकडे मात्र लक्ष ठेवा."

खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. भीती मी गिळली, पेटी मी केली, भोकं मी पाडली, आणि आता गड्याच्या हाताने खायला घालणार? माझ्याकडून काही चुकलं का? विचारलं तर हसून विषय बदलला. मीही फुगलो. ते दर आठवड्याला दुकानात येऊन रातकिडे न्यायचे, मी काही न बोलता डबी पुढे करायचो. मे महिन्यात गेलो तेव्हा पाहिलं, पारसच्या खोलीत कूलर चालू, पेटीपासून लांब, वारा भिंतीकडे फिरवलेला. शेठजी बाहेर पंख्याखाली उपरण्याने घाम पुसत बसलेले. हा माणूस मला कळेना.

पावसाळ्यात तिने खाणं सोडलं. नळीचं तोंड जाळ्याने बंद करून आत बसली. शेठजी दुकानात आले ते डबी न घेताच. पर्युषण दहा दिवसांवर आलं होतं, त्यांच्याकडे उपासांचे दिवस. आवाज खाली करून म्हणाले, "आज तिचा आठवा दिवस. अठ्ठाई झाली." मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो, चेष्टा करतायत की काय! पण नाही. पुढच्या आठवड्यात म्हणाले, "सोळा झाले. बहुतेक मासखमण करणार." अठ्ठाई म्हणजे आठ दिवसांचा उपास, मासखमण म्हणजे महिन्याचा. असा उपास कोणी केला तर त्यांच्यात लोक घरी जाऊन त्याला हात जोडतात. मीही काही न सुचून हात जोडले.

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. त्या दिवशी जैन माणूस ओळखीच्या सगळ्यांची क्षमा मागतो. "मिच्छामि दुक्कडम्, भाऊ. वर्षभरात काही बोललो असेन, दुखावलं असेन तर माफ करा." मी म्हणालो, "शेठजी, तुम्हीही मला माफ करा." आणि मग ते म्हणाले, "जरा घरी या. तो जीव गेला."

रिक्षाने गेलो. पेटीत जाळ्याच्या तोंडाशी ती पडली होती. पाय वळलेले, रंग उडालेला, अंग चपटं. मी काचेवर टकटक केलं. काही नाही. भोकं कमी पडली का? जास्त झाली का? शेठजी कालच्या उपासाने वाळलेले दिसत होते. म्हणाले, "पुरायचं म्हटलं तर खड्डा खणावा लागेल. मातीत किती जीव असतात." मग खुर्चीवर बसले. "पारसला सांगायला हवं."

सकाळपासून त्यांनी दोन डझन लोकांना क्षमेसाठी फोन केले होते. त्यांच्या पुढ्यातल्या कागदावर नावं होती, एकेकावर खूण. सगळ्यात वरचं नाव पारसचं, तिथे खूण नव्हती.

त्यांना कमी ऐकू यायचं म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर लावला. दहा महिन्यांनी. पलीकडून "हॅलो" आलं आणि शेठजींच्या तोंडून नमस्कारही निघाला नाही. "मखमल गेली रे," ते म्हणाले.

तिचं नाव मखमल आहे हे मला तेव्हा कळलं.

मग पारसचा आवाज, अगदी कामाचा. "कुठे पडलीय? जाळ्यात का बाहेर?"

"जाळ्याच्या तोंडाशी."

"खाणं कधी बंद झालं?"

"सव्वीस दिवस."

"पप्पा, बॅटरी घ्या आणि नीट बघा. पाठीवरचं झाकण उघडल्यासारखं दिसतंय का? आतून पोकळ आहे का?"

मी बॅटरी घेतली, नवा डोळा काचेला लावला. खरंच, पाठ डबीच्या झाकणासारखी उघडलेली, आत काही नाही. मग बॅटरी जाळ्यात आत मारली आणि मी ओरडलो, "शेठजी! दोन आहेत!"

आत खोल दुसरी बसली होती. पहिलीपेक्षा मोठी, काळीभोर, पायांची टोकं ताज्या गुलाबी रंगाची. एक पाय हळूच हलला.

"दुसरी कुठून आली?" शेठजी म्हणाले. "पेटी तर बंद होती."

माझ्या डोक्यात एकच आलं, माझी भोकं! छत्तीस भोकांतल्या एखाद्यातून बाहेरची शिरली आणि हिला मारलं! ते मी बोललोही, स्पीकरवर. तर पलीकडे पारस हसायला लागला. एवढा हसला की शेठजी फोनकडे बघतच राहिले.

"अहो काका, एकच आहे ती. कात टाकलीय. बाहेर पडलीय ती नुसती जुनी कातडी. हे करायच्या आधी खाणं सोडतात. आत जाळ्यात मखमलच आहे."

शेठजींनी पेटीच्या काचेवर कपाळ टेकवलं. मीही डोळे पुसले, ऑपरेशनच्या डोळ्याला पाणी येतं असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं.

पारसचं हसणं थांबलं होतं. त्याने विचारलं, "पप्पा, इतके दिवस तिला खायला कोण घालत होतं?"

शेठजींनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगणारच होतो की आधी मी, मग तुमचा गडी. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"मी," ते म्हणाले.

"तुम्ही?"

"चैत्रापासून. त्याच्या आधी हे पेटीवाले भाऊ घालायचे आणि मी भिंतीकडे तोंड करून उभा राहायचो. स्वतः करणं काय आणि दुसऱ्याकडून करवणं काय, पाप सारखंच. त्यात भाऊंना का ओढायचं? म्हणून त्यांना नको म्हटलं."

मी तिथेच उभा होतो. चार महिने या माणसावर फुगून बसलो होतो.

"हाताने घालता?" पारसचा आवाज बारीक झाला होता.

"चिमट्याने. प्रत्येक वेळी आधी त्या किड्याची माफी मागतो." शेठजींनी पुढ्यातला नावांचा कागद हातात घेतला. "आज सकाळपासून सगळ्यांना फोन केले, पारस. तुला करायचा राहिला होता."

पलीकडून नुसता रस्त्याचा आवाज येत होता, गाड्यांचे हॉर्न. मग तो म्हणाला, "पप्पा, आता पंधरा दिवस तिला काही घालू नका. कात टाकल्यावर दात मऊ असतात. त्याच्या आत मी घरी येतो. मग मी घालीन. तुम्ही नका घालू आता."

शेठजींनी उपरणं तोंडाला लावलं. पलीकडून पोरगा "हॅलो, हॅलो, पप्पा" करत होता. त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"हॅलो," मी म्हणालो, "मी पेटीवाला बोलतोय. ऐकलं त्यांनी."